पाच टक्क्यांची हमी आणि सावळेश्वरचा टोलनाका

श्रोतेहो, नमस्कार.

पुण्याहून एसटीनं सोलापूरला येताना पाटस, सरडेवाडी, वरवडे आणि शेवटी सावळेश्वर असे टोलनाके लागतात. सावळेश्वर मागं पडलं, की माणसं वरच्या पिशव्या खाली काढायला लागतात. हे नाके इतके अंगवळणी पडलेत, की टोलचा पैसा कुठल्या करारानं कुणाकडं जातो, हे विचारायचंच राहून जातं. आज मला त्या कराराबद्दल बोलायचं आहे.

सरकार आणि खासगी कंपनीची भागीदारी आपल्याला अलीकडची वाटते. पण १८६० साली सोलापुरात रेल्वे आली, तीच मुळी खासगी कंपनीची होती. ग्रेट इंडियन पेनिन्सुला, म्हणजे आपली जुनी माणसं जिला जीआयपी म्हणायची ती. पैसा विलायतेतल्या भागधारकांचा, जमीन सरकारनं फुकट दिलेली, आणि वर भांडवलावर ५ टक्के परताव्याची हमी. उतारू मिळोत न मिळोत, ५ टक्के ठरलेले. कमी पडतील तेवढे सरकारी तिजोरीतून भरायचे, आणि त्या तिजोरीत शेतकऱ्याचा सारा होता. मग कंपनीनं खर्चाला हात आखडावा कशासाठी? त्या रेल्वेनं सोलापूरला खूप दिलं, हे मी नाकारत नाही. ती आली म्हणून इथं गिरण्या उभ्या राहिल्या. पण जोखीम कुणी उचलली, तर ज्याला कुणी विचारलं नव्हतं त्या रयतेनं. सरकारनं जीआयपीचा कारभार हाती घेतला तो थेट १९२५ साली.

आपल्याच जिल्ह्यात दुसरा नमुनाही आहे, बार्शी लाइट. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची ही गाडी १८९७ साली कुर्डुवाडीहून बार्शीला धावू लागली. तीही लंडनच्या कंपनीचीच. १९०६ साली ती पंढरपूरला पोचली आणि वारकऱ्यांची झाली. माझे आजोबा आषाढीला तिच्यातूनच जायचे. पुढं ती लातूर आणि मिरजेपर्यंत गेली, आणि १९५४ साली सरकारनं ती विकत घेतली.

आता रस्त्यांकडं येऊ. पुणे–सोलापूर महामार्ग चौपदरी झाला तो बीओटी पद्धतीनं. म्हणजे कंपनीनं कर्ज काढून रस्ता बांधायचा, ठरलेली वर्षं टोल घेऊन सांभाळायचा आणि मुदत संपली की परत द्यायचा. यात वाहनं कमी आली तर फटका कंपनीला बसतो. जीआयपीच्या अगदी उलट. मात्र देशभरात पुष्कळ ठिकाणी वाहनांचे अंदाज चुकले, भूसंपादन रखडलं, बँकांची कर्जं अडकली आणि कंपन्या निविदाच भरेनात. म्हणून २०१६ साली हायब्रिड ॲन्युइटी, ज्याला सगळे 'हॅम' म्हणतात, ती पद्धत आली. बांधकामाच्या काळात सरकार ४० टक्के पैसे देतं, उरलेले हप्त्याहप्त्यानं १५ वर्षांत. टोल सरकारकडं जातो, आणि वाहनं कमी आली तर तो तोटाही सरकारचाच. जोखीम पुन्हा आपल्याकडं आली आहे, आणि ही गोष्ट कुणी मोठ्यानं सांगत नाही.

विमानाचंही तेच. ९ जून २०२५ रोजी होटगी रस्त्यावरच्या आपल्या विमानतळावरून गोव्याचं विमान उडालं, तेव्हा मलाही भरून आलं होतं. उडान योजनेत तिकीट स्वस्त ठेवायचं आणि विमान कंपनीची तूट निधीतून भरून द्यायची, अशी रचना असते. मला ती मान्य आहे, कारण ती मुदतीची असते. जीआयपीच्या हमीला अशी जवळची मुदत नव्हती.

रस्ता खराब असेल, गाडी बंद पडली असेल, अपघात झाला असेल, तर राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा क्रमांक फिरवा. क्रेन आणि रुग्णवाहिका हा कराराचाच भाग असतो, आणि आपण टोल भरतो तो त्यासाठीही.

आणि एक मागणी. टोलनाक्यावर दरांचा फलक असतोच. त्याच फलकावर मराठीत, ट्रकवाल्याला केबिनमधून वाचता येईल एवढ्या अक्षरांत, आणखी तीन आकडे हवेत: रस्त्याला खर्च किती आला, आजवर वसुली किती झाली आणि मुदत कोणत्या तारखेला संपते. सावळेश्वरच्या नाक्यापासून सुरुवात व्हावी.