सहा रुपये चाळीस पैसे

श्रोतेहो, नमस्कार.

मला विषय दिलाय 'सदाचार आणि मनःशांती'. घरी सांगितलं तर बायको पोळी लाटता लाटता थांबली. म्हणाली, "तुम्ही? मनःशांतीवर? नळाला पाणी यायच्या दिवशी त्या रेडिओवाल्यांनी तुम्हाला बघितलेलं दिसत नाही." खरंय तिचं. पाण्याच्या सकाळी मी कुणाशी नीट बोलत नाही. आणि ज्यांच्या गल्लीत मोटार लावून पाणी ओढणारे शेजारी आहेत, त्यांना मनःशांती शिकवायला मी तरी जाणार नाही.

मी साधू नव्हे, प्राध्यापक नव्हे. एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर होतो. खांद्याला पैशांची बॅग, हातात तिकिटांचा ट्रे आणि पंच. तेव्हा माझ्याकडे सांगण्यासारखं आहे ते एका तिकिटाचं.

पण आधी सात गोष्टी सांगतो, कारण पुढे त्या मोजायच्या आहेत. बाराव्या शतकात महात्मा बसवेश्वर होऊन गेले. आपल्या मंगळवेढ्यात, बिज्जळ राजाच्या पदरी त्यांनी हिशेबाचं काम केलं असं परंपरा सांगते. म्हणजे माणूस खातेवहीतला, आकडेमोडीतला. म्हणून मला जवळचा वाटतो. त्यांचं एक वचन आहे, कानडीत. सोलापुरात बऱ्याच घरांत कानडी कळतं, तरी सांगतो. कळबेड, चोरी करू नको. कोलबेड, जीव घेऊ नको. हुसिय नुडियलुबेड, खोटं बोलू नको. मुनियबेड, रागावू नको. अन्यरिगे असह्यपडबेड, दुसऱ्याचा तिटकारा करू नको. तन्न बण्णिसबेड, स्वतःची स्तुती करू नको. इदिर हळियलुबेड, समोरच्याला हिणवू नको. हीच आतली शुद्धी आणि हीच बाहेरची शुद्धी, असं ते पुढे म्हणतात.

सात. पुन्हा एकदा, बोटांवर धरा: चोरी, हिंसा, खोटं, राग, तिटकारा, आत्मस्तुती, हिणवणं. सात.

यातल्या पाच मी एका तिकिटात मोडल्या. वळसंगच्या तिकिटात.

१९८६ चा मे महिना. सोलापूरचा मे काय असतो ते तुम्हाला सांगायला नको. पत्र्याला हात लागला तर फोड यावा. दुपारची सोलापूर-अक्कलकोट गाडी, आत उभं राहायला जागा नाही. आमचे ड्रायव्हर जुने, गळ्यात लिंगायतांचं इष्टलिंग, दिवसाला चार शब्द बोलणारे. कुंभारीच्या अलीकडे मी मागच्या सीटपर्यंत पोचलो. तिथे एक भाजीवाली बाई, पन्नाशीची, रिकामी बुट्टी मांडीवर घेऊन बसलेली. पहाटे मंडईत मेथी-कोथिंबीर विकून परत निघालेली. म्हणाली, वळसंग. आणि दहाची नोट पुढे केली.

आता श्रोतेहो, कंडक्टरच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं दुःख कुठलं? चढ नाही, घाट नाही. सुट्टे. आणि मला तिच्या पदराच्या टोकाला गाठ दिसली. चिल्लरची चांगली लिंबाएवढी गाठ.

मी म्हणालो, "सुट्टे दे."

ती म्हणाली, "इल्लप्पा." नाहीत बाबा.

झालं. मी आवाज चढवला. "दिवसभर चिल्लर गोळा करायची, पदराला बांधून ठेवायची आणि आम्हाला नोट दाखवायची! तुमच्यासारख्यांना गाडीत घेऊच नये." गाडी हसली. भरलेली गाडी हसते ना, तेव्हा कंडक्टरला आपण फार मोठे वक्ते आहोत असं वाटतं. मी आणखी एकदोन वाक्यं टाकली, ती इथे सांगत नाही. तिकीट पंच केलं, कानावरची पेन्सिल काढली आणि तिकिटाच्या मागे लिहिलं ६.४०. म्हणजे सहा रुपये चाळीस पैसे देणं. त्याभोवती गोल केला, तिकीट तिच्या हातात कोंबलं आणि पुढे सरकलो. "माझ्याकडेही नाहीत सुट्टे," असं म्हणालो. होते. बॅगेच्या आतल्या कप्प्यात होते. मला द्यायचे नव्हते.

वळसंग आलं. ती उतरली. पैसे मागितले नाहीत, माझ्याकडे बघितलंही नाही. मी डबल बेल मारली.

अक्कलकोटला चहा घेताना ड्रायव्हर दोनच शब्द बोलले. "मुनियबेड, कंडक्टर." मग बशीतला चहा फुंकत ते अख्खं वचन म्हणाले. सात गोष्टी मी पहिल्यांदा ऐकल्या त्या तिथे, टपरीवरच्या बाकड्यावर.

रात्री डेपोत कॅश मोजली. वे-बिलापेक्षा, म्हणजे विकलेल्या तिकिटांच्या हिशेबापेक्षा, सहा रुपये चाळीस पैसे जास्त. लोकांना वाटतं कंडक्टरला कमी भरले तरच त्रास. नाही हो, जास्त भरले तरी जाब द्यावा लागतो. मी ते जमा करून टाकले. कागदावर हिशेब मिटला. घरी आलो, अंगणात बाज टाकली, झोप येईना. उकाडा आहे म्हणालो. उकाडा रोजच होता.

पुढे काय झालं ऐका. माझी ड्यूटी त्याच मार्गावर. मंडईच्या थांब्यावर ती मला दोनदा दिसली. गाडी थांबली, लोक चढले, ती मात्र बुट्टी घेऊन पाठ फिरवून उभी राहिली. एकदा मी हाकही मारली, "अक्का, या की." ती मान खाली घालून रस्त्यापलीकडे गेली. पुढची गाडी दीड तासानं होती. दीड तास, त्या उन्हात, माझ्या गाडीत बसायचं नाही म्हणून. मला वाटलं, बाई रागावलीय. रागावू दे, सहा रुपये चाळीस पैसे द्यायचे आणि मोकळं व्हायचं.

साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी मी साध्या कपड्यांत वळसंगला गेलो. खिशात मोजून सहा रुपये चाळीस पैसे, माझ्या पगारातले. वळसंगला ती विहीर आहे, १९३७ साली बाबासाहेब आंबेडकरांच्या हस्ते सुरू झालेली. ज्यांना दुसऱ्यांच्या विहिरीवर पाणी मिळत नव्हतं त्यांच्यासाठीची. तिच्यावरून पुढे जाताना मला ते पाचवं आठवलं, अन्यरिगे असह्यपडबेड. 'तुमच्यासारख्यांना' असं मी म्हणालो होतो. हा शब्द कुठून येतो तोंडात, सांगा? शाळेत तर कुणी शिकवत नाही.

हॉटेलवाल्याला विचारलं, भाजीवाली अक्का कुठे राहते. पोरगं बरोबर दिलं त्यानं. घर म्हणजे मातीच्या दोन खोल्या, दारात तुळस नाही, कडीपत्त्याचं झाड. मला बघितल्यावर बाईच्या हातातलं सूप खाली पडलं. मी काही बोलायच्या आत ती आत गेली. मी दारात उभा. बाहेर आली ती हातात पान-सुपारीची चंची घेऊन. चंचीतून तिनं तिकीट काढलं, तेच, चार घड्या घातलेलं. आणि त्याबरोबर नोटा नि नाणी.

म्हणाली, "पाच रुपये जमलेत साहेब. राहिलेले पुढच्या महिन्यात देते. पोलिसात देऊ नका."

मला काहीच कळेना. मग कळलं. बाईला वाचता येत नव्हतं. साऱ्या गाडीसमोर कंडक्टर ओरडतो, तिकिटावर काहीतरी लिहितो, गोल करतो आणि हातात कोंबतो. ते काय असणार? दंड. तिनं वळसंगमधल्या शाळकरी पोराला दाखवलं, त्यानं आकडा वाचला: सहा रुपये चाळीस पैसे. महिनाभर ती तो दंड जमवत होती. माझ्या गाडीत बसत नव्हती कारण पैसे पुरे झाले नव्हते.

मी एका हातात सहा रुपये चाळीस पैसे घेऊन उभा, ती एका हातात पाच रुपये घेऊन उभी. देणं माझं आणि फेडत होती ती.

कसंबसं समजावलं. कानडीत, मराठीत, हातवारे करून. समजल्यावर ती जी हसली! शेजारणीला हाक मारली, तिला सांगितलं, तीही हसली. शेजारीण आजारातून उठलेली, अंगावर घोंगडी. आणि मग गाठीचं कोडं सुटलं. त्या दिवशी शेजारीण तापानं पडलेली, म्हणून तिची मेथीसुद्धा हिनंच विकली होती. शेजारणीचे पैसे पदराच्या गाठीत, आपले वेगळे. आपल्यातली चिल्लर सकाळीच संपलेली. मी विचारलं, "मग त्या गाठीतले काढून द्यायचे, घरी येऊन परत घालायचे. कोण विचारणार होतं?"

ती म्हणाली, "दुसऱ्याची गाठ कशी सोडायची?"

एवढंच. मी एकतीस वर्षं दुसऱ्यांचे पैसे सांभाळले, वे-बिल, ऑडिट, तपासणी पथक सगळं बघितलं. इतका साधा नियम कुठल्याही परिपत्रकात नव्हता.

मी माफी मागितली. तिनं हात झटकला. "होगली बिडप्पा." जाऊ दे रे बाबा, सोड. आणि जेवायला बसवलं. ज्वारीची कडक भाकरी, शेंगा चटणी, वर तेल. आता विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, हल्ली बाजारात शेंगा चटणी म्हणून जे पुड्यातून मिळतं ती चटणी नव्हे, पूड आहे. दाणे उखळात कुटायला हवेत, कुटता कुटता तेल सुटायला हवं, बोटाला चिकटायला हवी. मिक्सर दोन मिनिटांत भुगा करतो. माझी सून म्हणते वेळ कुणाला आहे. वेळ आहे, मोबाईल बघायला आहे. असो. भाषण चटणीवर नाही.

तर मोजू या. सात होत्या ना? राग, झाला. हिणवणं, झालं, तेही भरल्या गाडीत. तिटकारा, 'तुमच्यासारख्यांना'. खोटं, सुट्टे असून नाहीत म्हणालो. चोरी? महिनाभर तिचे सहा रुपये चाळीस पैसे तिच्याकडे नव्हते, याला दुसरं नाव असेल तर कळवा. पाच झाल्या. हिंसा तेवढी घडली नाही, आणि आत्मस्तुती राहिली होती, ती आज रेडिओवर बसून करतोय.

या सातांवर एकेक करून बोलायचं ठरवून आलो होतो. समोर सात कागद आहेत, पहिलाच अजून उलटलेला नाही. काचेपलीकडे बसलेल्या बाई घड्याळ दाखवतायत. तेव्हा उरलेलं पटापट सांगतो.

त्यानंतर मी तिकिटामागे जे लिहिलं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. "मावशी, तुम्हाला साडेतीन रुपये यायचेत, उतरताना घ्या." वाचून दाखवायला किती वेळ लागतो? तितकाच, जितका ओरडायला लागतो. दुसरं, रात्री कॅश मोजून झाली की आणखी एक मोजणी करायचो, वे-बिलात न बसणारी: आज कुणाला काय बोललो. पैशांचा हिशेब मिळाला आणि हा मिळाला नाही, असं पुष्कळदा व्हायचं. मग दुसऱ्या दिवशी त्याच थांब्यावर, त्या माणसाला आधी हाक मारायची. सगळे भेटत नाहीत. काही जण अजून यादीत आहेत. पण झोपेचं म्हणाल तर, ज्या रात्री ही दुसरी मोजणी केली त्या रात्री झोप लागली, उकाडा असला तरी.

जमत नाही रोज, खरं सांगतो. आपल्या सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वज पेलणारे लोक तुम्ही पाहता. कमरेच्या पट्ट्यात ती एवढी उंच काठी तोलून चालतात, वाऱ्यातसुद्धा. संक्रांतीला आपण बघतो आणि वाहवा म्हणतो. पण त्याच्या कितीतरी आधीपासून रात्री-रात्री सराव चालू असतो, तो आपण बघायला जात नाही. तोही तोल जाऊन जाऊनच येतो. ध्वजही सातच आहेत, हा योगायोग.

मनःशांतीची शिबिरं निघालीत आता, तीन दिवसांची, डोळे मिटून बसायची. जाणाऱ्यांनी जावं, माझी हरकत नाही. मला फक्त वाटतं, डोळे मिटले की आधी कुणाचा तरी चेहरा दिसतो. मला ती बुट्टी दिसायची.

ती बाई पुढे कितीतरी वर्षं माझ्याच गाडीनं यायची. चढल्या चढल्या मुठीतले मोजलेले पैसे माझ्या हातावर ठेवायची, मी मागायच्या आधी. आणि तिकीट हातात घेतलं की उलटं करून बघायची, मागे काही लिहिलंय का. नसलं की हसायची. एकदा मी मुद्दाम लिहिलं. तिनं विचारलं, "काय हे?" मी म्हणालो, "दंड आहे, एक जुडी मेथी." दुसऱ्या दिवशी मेथीची जुडी ड्रायव्हरच्या केबिनमध्ये येऊन पडली. आमचे ड्रायव्हर त्या दिवशी पाचवा शब्द बोलले, पण तो रेडिओवर सांगण्यासारखा नाही.

काचेपलीकडच्या बाईंनी आता दोन्ही हात वर केलेत. मलाही परतीची बस गाठायचीय. सुट्टे पैसे मी येतानाच वरच्या खिशात काढून ठेवलेत. नमस्कार.