कुंडीत दाटलेली मुळे

श्रोतेहो, नमस्कार. कुंडीतले झाड वर्षभर जेवढ्यास तेवढेच राहते, सकाळी भरपूर पाणी घालूनही संध्याकाळपर्यंत पाने माना टाकतात आणि घातलेले पाणी क्षणात खालच्या छिद्रातून बाहेर येते, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना आला असेल. अशा वेळी आपण आधी पाणी वाढवतो, मग खत वाढवतो, तरीही झाड सुधारत नाही. दोष पाण्यात नसतो आणि खतातही नसतो. कुंडीत मातीच पुरेशी उरलेली नसते. मुळे कुंडीच्या भिंतीला अडतात, तिच्या कडेने गोल फिरत राहतात, मातीच्या जागी मुळांचेच घट्ट जाळे तयार होते आणि पाणी त्या जाळ्यात न मुरता कडेने निघून जाते.

खात्री करण्याचा मार्ग एकच आहे, तो म्हणजे झाड कुंडीतून अलगद बाहेर काढून मुळे पाहणे. मुळांच्या मधून माती दिसत असेल, तर झाड आहे तसे परत ठेवावे. माती दिसेनाशी होऊन केवळ मुळांची वेटोळी दिसत असतील, तर कुंडी बदलण्याची गरज आहे. किती वर्षांनी कुंडी बदलावी, असे मला नेहमी विचारले जाते, पण याचे उत्तर वर्षांत देता येत नाही. ते झाडाच्या वाढीच्या वेगावर अवलंबून असते, आणि हे समजावून सांगताना मला नेहमी एकाच झाडाची हकिगत आठवते.

लंडनजवळच्या क्यू येथील प्रसिद्ध वनस्पती उद्यानाने 1772 मध्ये फ्रान्सिस मॅसन या आपल्या माळ्याला वनस्पती गोळा करण्यासाठी दक्षिण आफ्रिकेत पाठवले. कॅप्टन कुक यांच्या ‘रेझोल्यूशन’ जहाजातून तो केपपर्यंत गेला आणि पूर्व केपच्या प्रदेशातून, आपल्या परिचयाच्या सायकसचे नातलग असलेले एक झाड घेऊन 1775 मध्ये परतला. ‘एन्सेफॅलार्टोस आल्टेनस्टायनी’ हे त्याचे शास्त्रीय नाव. हे झाड आजही जिवंत आहे, आजही कुंडीतच आहे, आणि कुंडीत वाढलेले जगातील सर्वांत जुने झाड म्हणून ते ओळखले जाते. ज्या भव्य काचगृहात ते आज उभे आहे, ते 1848 मध्ये बांधून पूर्ण झाले. म्हणजे झाड त्या इमारतीपेक्षाही कितीतरी जुने आहे.

त्याची वाढ वर्षाला जेमतेम अडीच सेंटिमीटर. तरीही एवढ्या काळात त्याचे खोड चार मीटरहून लांब झाले, प्रकाशाकडे झुकत झुकत आडवे पसरले, आणि आता त्याला खालून टेकू द्यावे लागतात. अशा झाडांना फुलांऐवजी शंकू येतो. क्यू येथे त्याला शंकू आल्याची नोंद एकदाच आहे, 1819 मध्ये, आणि तो पाहायला क्यूसाठी जगभरातून वनस्पती गोळा करवून आणणारे वनस्पतिशास्त्रज्ञ सर जोसेफ बँक्स स्वतः आले होते. पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. बँक्स यांची कीर्ती मोठी आहे आणि ती योग्यच आहे, परंतु मला स्वतःला अधिक आदर वाटतो तो त्या झाडाला पिढ्यानपिढ्या पाणी घालणाऱ्या माळ्यांबद्दल. झाड आणणे हे धाडस असते, पण ते दोनशे वर्षे कुंडीत जगवणे ही विद्या आहे, आणि या विद्येला आपण पुरेसा मान देत नाही.

2009 मध्ये या झाडाची कुंडी बदलण्यात आली आणि त्याला महोगनीच्या लाकडाची नवी पेटी मिळाली. एक टनाहून जड, लांबलचक आणि कललेले असे हे झाड हलवणे किती जोखमीचे असेल, याची कल्पना करा. एवढी जोखीम कोणी हौस म्हणून पत्करत नाही, आणि मला या हकिगतीतून सांगायचे आहे ते हेच: कुंडी बदलायची ती झाडाला गरज असेल तेव्हा. सावकाश वाढणारे झाड तीन-चार वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ एका कुंडीत सुखाने राहते, तर झपाट्याने वाढणाऱ्या झाडाला दरवर्षी नवी जागा लागू शकते.

आता कृती. वाढीचा हंगाम सुरू होताना, नवी फूट दिसू लागली की हे काम करावे. झाड फुलांवर असताना किंवा विश्रांतीत असताना करू नये. आदल्या दिवशी पाणी घालून ठेवावे. नवी कुंडी जुनीपेक्षा व्यासाने तीन ते पाच सेंटिमीटरच मोठी असावी. पुन्हा सांगतो, तीन ते पाच सेंटिमीटरच. कारण खूप मोठ्या कुंडीतल्या जादा मातीत मुळे पोहोचलेली नसतात, तिथले पाणी कोणी शोषत नाही आणि मुळे कुजतात. तळाशी खडी भरण्याची सवयही सोडावी. माती पूर्ण भिजल्याशिवाय पाणी खडीत उतरत नाही, त्यामुळे ओल उलट मुळांच्या अधिक जवळ राहते.

गोल फिरलेली मुळे बोटांनी मोकळी करावीत. ती सुटत नसतील, तर धारदार, स्वच्छ सुरीने गोळ्याच्या बाजूंवर वरपासून खालपर्यंत तीन-चार उभे, उथळ छेद द्यावेत. अनेकांचा हात येथे थरथरतो, पण वेटोळी तशीच ठेवली तर मुळे नव्या मातीतही गोलच फिरत राहतात, आणि पुढे जाड होऊन खोडालाच आवळतात. छेद दिलेल्या जागी मात्र नवी मुळे फुटून बाहेरच्या मातीकडे जातात. ताडवर्गातील झाडांची मुळे मात्र कापू नयेत, त्यांना ते सोसत नाही. कुंडी आणखी मोठी करणे शक्यच नसेल, तर इतर बहुतेक झाडांची बाहेरची मुळे थोडी छाटून, ताजी माती घालून ती त्याच कुंडीत परत लावता येतात.

झाड पूर्वी जेवढ्या खोलीवर होते तेवढ्याच खोलीवर लावावे आणि वर पाण्यासाठी दोन बोटे जागा सोडावी. भरपूर पाणी घालून आठवडा-दहा दिवस थेट उन्हापासून दूर ठेवावे. त्यानंतर वरची माती बोटभर कोरडी झाली की मगच पाणी द्यावे. खताची घाई करू नये. नवी पाने फुटून मोठी होऊ लागली, की मुळे कामाला लागली असे समजावे आणि तेव्हा खत द्यावे, तेही आधी थोडेच.