सुकटीचा वास

श्रोतेहो, नमस्कार.

मागच्या डिसेंबरात सकाळी एका वाडीतून फोन आला. "भाऊ, जरा येऊन जाल? दोन दिवस घरातून सुकटीचा वास जात नाही." मी गॅसच्या शेगड्या दुरुस्त करतो. सुकटीशी माझा संबंध फक्त जेवताना! तरी गेलो, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरच थबकलो. वास सुकटीचा नव्हता. ओट्याखालच्या रबरी नळीला उंदरानं दात लावले होते. पलीकडे देवघरात आजी समईची वात सारखी करत होत्या. सूनबाई म्हणाल्या, "थांबा, पंखा लावते."

मी जवळजवळ ओरडलोच. बटण चालू करताना ठिणगी उडते तशी बंद करतानाही उडते, म्हणून असल्या वेळी विजेचा दिवा लागलेला असेल तर लागलेलाच राहू दे. समई विझवली, रेग्युलेटर बंद केला, मागचं-पुढचं दार सताड उघडलं आणि सगळ्यांना अंगणात काढलं. फोनसुद्धा अंगणातूनच करायचा. गॅसगळतीसाठी 1906 हा नंबर रात्री-अपरात्रीही चालू असतो. वास फार उग्र असेल तर रेग्युलेटरपाशी घुटमळूही नका, आधी माणसं बाहेर.

सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा असा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात एथिल मरकॅप्टन मिसळतात, सडक्या कांद्यासारखं घाणेरडं. पण आपल्या घरात डब्यात सोडे, फळीवर सुके बोंबील. त्यात तो वास लपतो. शिवाय नाक लबाड आहे, थोड्या वेळानं सरावतं. आजींचं नाक दोन दिवसांत सरावलं होतं. हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरतो. त्या घराचं पडवीचं दार दिवसभर उघडं, उंबरा झिजून सपाट झालेला, म्हणून तो बाहेर वाहत राहिला. हवेत दोन टक्के जरी साठला असता तरी समईला तेवढं पुरलं असतं.

आता नळीचं. साधी रबरी नळी घेऊ नका, नारिंगी सुरक्षा नळी घ्या. पाच वर्षांनी तीही बदलायची, तारीख तिच्यावरच छापलेली असते. खाऱ्या वाऱ्यानं क्लिपा गंजतात, तेही बघा. गळती शोधायला साबणाचं पाणी लावा, बुडबुडे येतील. काडी ओढून बघणारे महाभाग मी पाहिलेत.

पण थंडीत मला खरी धास्ती वाटते ती बिनवासाच्या गॅसची. दापोलीकडे पारा कधी कधी दहाच्या खाली जातो. मग बाळंतिणीच्या खोलीत कोळशाची शेगडी येते, दाराच्या फटीत कापडं कोंबली जातात. शेगडीत ओवा, शेपा, वावडिंग. खोलीभर घमघमाट. धूर गेला, निखारा लाल झाला की बायका म्हणतात, आता ठेवायला हरकत नाही. त्याच लाल निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपट घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, पाय लटपटतात, आणि कडी काढायला हात उचलत नाही. घरात दोघा-तिघांचं एकदम डोकं धरलं आणि अंगणात आल्यावर बरं वाटलं, तर दोष हवेचा समजा. माणूस पडला असेल तर उघड्यावर आणा आणि 108 ला फोन करा.

कौलारू घर श्वास घेत होतं. न्हाणीतला बंब जुना, पण वर कौलांत फटी. आता स्लॅबचे बंगले, सरकत्या काचा. गेल्या महिन्यात एका चाकरमान्याच्या नव्या घरी गेलो. बाथरूम जेमतेम चार बाय सहा, आत गॅसचा गिझर, आणि वारा येतो म्हणून झडपेवर पुठ्ठा चिकटवलेला. म्हटलं, गिझर बाहेर काढू. म्हणे, पाणी येईपर्यंत कोमट होईल. म्हटलं, मग दुसरा माणूस बघा. दोन दिवसांनी त्यांचाच फोन. गिझर आता मागच्या उघड्या पडवीत आहे. पाणी कोमट येतं म्हणून ते अजून कुरकुरतात.