बनावट चरित्रं, खरा नाच

श्रोतेहो, नमस्कार.

दियागिलेव्ह या रशियन नाट्यसंयोजकाने 1909 साली पॅरिसमध्ये रशियन बॅले आणला आणि पुढची कित्येक वर्षं नर्तिकेचं नाव रशियन असणं हीच मोठी पत होऊन बसली. त्याच्या मंडळीतली हिल्डा मनिंग्ज ही इंग्रज मुलगी लिडिया सोकोलोव्हा झाली. लिलियन अलिशिया मार्क्सची अलिशिया मार्कोव्हा झाली.

न्यूयॉर्कच्या 'ले बॅले त्रोकादेरो द मॉन्टे कार्लो' या विनोदी बॅले मंडळीने 1974 साली नेमका हाच धागा उचलला. इथले नर्तक सगळे पुरुष. प्रत्येकाला एका रशियन नर्तिकेचं नाव आणि कार्यक्रमपत्रिकेत छापलेलं रचलेलं चरित्र. पडदा उघडण्याआधी ठसठशीत रशियन उच्चारांत घोषणा होते की अमुक बाई आज नाचणार नाहीत. हा इतिहास बनावट खरा, पण खऱ्याला इतका खेटून उभा आहे की जाणकार आधी हसतो.

बाईच्या वेषाची ही टिंगल नाही. हे लोक पॉइंट शूजवर, म्हणजे पायाच्या बोटांच्या टोकावर उभं राहायच्या बुटांवर, खरोखर नाचतात. या बुटाचं टोक कापड, कागद आणि खळीचे थर चिकटवून कडक केलेलं असतं. घामाने, वजनाने ते मऊ पडतं आणि अंगापिंडाने जड नर्तकाच्या पायात तर लवकरच. टोक मऊ झालं की घोटा डळमळतो. मग मुद्दाम केलेली चूक कोणती आणि खरी कोणती, हे प्रेक्षकाला कळत नाही. विनोद तिथेच बसतो. खोटं पडायचं असेल, तर तोल आधी पक्का हवा.

'मरणारा हंस' बघा. मिखाइल फोकीनने आन्ना पावलोवा या रशियन नर्तिकेसाठी बसवलेला हा एकल नाच. त्रोकादेरोच्या प्रयोगात प्रकाशझोत हंस झालेल्या 'नर्तिके'ला भलतीकडेच शोधत फिरतो. मग ती पाठमोरी, बारीक पावलांनी सरकत येते आणि स्कर्टमधून पिसं गळू लागतात. असा प्रवेश बसवताना पिसं थरांत सैल खोवावीत, पण सगळी सारखीच सैल नकोत. पहिल्या गिरकीतच सगळी सांडली तर पुढे काय उरलं? फार घट्ट बसली तर कंबर झटकून पाडावी लागतात, आणि ते झटकणं दिसतं. हात मात्र मूळ नाचाचेच ठेवायचे : लाट खांद्यातून निघून कोपर, मनगट, बोटं अशी उतरते. हात मरण सांगतात म्हणून गळणाऱ्या पिसांवर प्रेक्षकाला हसू येतं. आणि प्रवेश संपला की आधी झाडू. सॅटिनच्या टोकाखाली पीस आलं की पाय सटकलाच.

आधुनिक नृत्यावरचं त्यांचं काम म्हणजे 'पॅटर्न्स इन स्पेस'. हे मर्स कनिंगहॅम या अमेरिकन नृत्यरचनाकाराच्या शैलीचं विडंबन. तो नाच आणि संगीत वेगवेगळं रचू द्यायचा, नाणी टाकून हालचालींचा क्रम ठरवायचा. इथे नर्तक कमालीच्या गांभीर्याने नाचतात आणि कडेला बसलेले वादक हाताला येतील त्या वस्तूंतून आवाज काढतात. धोका असा, की नर्तक नकळत त्या आवाजाचा ठेका धरतात. ठेका धरला की कनिंगहॅम संपला. म्हणून मोजणी मनात चालू ठेवायची, हशा लांबला तरी थांबायचं नाही. वादकांनी मात्र हशा ओसरेपर्यंत पुढचा आवाज हातात राखून ठेवायचा.