कोवळ्या सागाचं गणित

(सागाची लागवड केलेले शेतकरी आणि वनशास्त्राचे विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, १९९०च्या दशकात सागवान लागवडीच्या योजनांच्या जाहिराती यायच्या, तुमच्यापैकी जरा वय झालेल्यांना आठवत असतील. आज काही हजार भरा, वीस वर्षांनी काही लाख न्या. बऱ्याच योजना बुडाल्या आणि १९९९मध्ये सेबीला सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी नियम करावे लागले. फसवणुकीचा भाग कोर्टावर सोडू. मला रस आहे तो त्यामागच्या गणितात. पाणी-खत दिलेला साग पहिली तीन-चार वर्षं झपाट्याने वर जातो. तोच वेग वीस वर्षं टिकेल असं धरलं की कागदावर वाटेल तेवढे पैसे होतात.

झाडाची वाढ सरळ रेषेत होत नाही हे तुम्हाला सांगायला नको. आधी हळू, मग जोरात, मग पुन्हा मंद. रिचर्ड्सने १९५९मध्ये या आकाराचं एक लवचिक समीकरण मांडलं, १९६१मध्ये चॅपमनने ते वापरलं आणि आज जगभरचे वनशास्त्रज्ञ ते दोघांच्या नावाने वापरतात. त्यात मुख्य आकडा असतो झाडाच्या कमाल उंचीचा. तरुण रोपवनात, म्हणजे लावलेल्या झाडांच्या वनात, नेमका तोच आकडा सापडत नाही. मी दोन वक्ररेषा मुद्दाम तयार केल्या आहेत, त्या कोणत्याही खऱ्या रोपवनाच्या नाहीत. एकीची कमाल उंची १८ मीटर, दुसरीची ३०. दुसऱ्या वर्षी दोन्ही सांगतात २.८ मीटर. चौथ्या वर्षी दोन्ही ५.७. सहाव्या वर्षी एक ८.१ आणि दुसरी ८.३, म्हणजे मोजपट्टीच्या चुकीइतका फरक. आणि तिसाव्या वर्षी? एक १७ मीटर, दुसरी २५. सहा वर्षांची मोजणी कितीही काळजीने केली तरी या दोघींतली खरी कोणती, हे तेवढ्यावरून कळणार नाही. उत्तर बाहेरून आणावं लागतं: शेजारच्या जुन्या रोपवनातून, मातीच्या खोलीवरून.

माती म्हटली की जागा आली. भारत-ब्रह्मदेशातल्या सागाच्या रोपवनांसाठी १९४०मध्ये उत्पन्नकोष्टकं, म्हणजे कोणत्या वयाला किती वाढ धरायची याचे तक्ते, छापली गेली. त्यांत उंच झाडांच्या उंचीवरून जागेच्या चार प्रती, म्हणजे दर्जे, ठरवल्या आहेत. आपल्याकडे वनाच्या अख्ख्या कक्षाला, म्हणजे तुकड्याला, एक प्रत देऊन मोकळं होण्याची सवय आहे. पण दख्खनच्या काळ्या खडकावर शंभर मीटर चाललात तरी प्रत बदलते. नाल्याकाठी खोल गाळ, वर मुरूम, त्याहून वर नुसता कातळ, आणि मध्ये कुठेतरी पाणी साचणारी चिकण काळी जमीन. तिथे साग पिवळा पडून खुरटतो. या सगळ्याची सरासरी काढली तर जो आकडा येतो, त्या आकड्याचं झाड कदाचित त्या शेतात कुठेच नसेल.

दक्षिण आफ्रिकेत सोन्याच्या खाणींत काम करणाऱ्या डॅनी क्रीग या अभियंत्याने १९५०च्या सुमारास एक साधी गोष्ट हिशेबात घेतली. जवळजवळचे नमुने एकमेकांसारखे असतात, दूरचे कमी. खनिजाचे साठे मोजायची ती रीत पुढे फ्रान्समध्ये माथेरों या गणितज्ञाने गणितात बसवली आणि आज ती पावसाच्या नकाशांपासून रोपवनांपर्यंत सगळीकडे आहे. झाडांच्या बाबतीत मात्र एक गंमत होते, आणि माझ्या मते या विषयातली खरी मजा तीच. सोन्याचे कण एकमेकांचं ऊन अडवत नाहीत. २ बाय २ मीटरवर लावलेला साग, म्हणजे हेक्टरी २५०० झाडं, सुरुवातीला मातीचंच ऐकतो: जाड झाडाशेजारी जाड, खुरट्याशेजारी खुरटं. मग झाडांचा पानोरा, म्हणजे फांद्या-पानांचा पसारा, एकमेकांना भिडतो. आता जाड झाडाचा शेजारी दबतो, आणि अगदी जवळच्या अंतरावर नातं उलटं होतं, तर पन्नास मीटरच्या अंतरावर मातीमुळे साम्य तसंच राहतं. जागेचा नियमच वयाबरोबर बदलतो. जागेचं मॉडेल वेगळं आणि काळाचं वेगळं करून शेवटी जोडणाऱ्यांची इथे फजिती होते.

मग येते विरळणी, म्हणजे मधली काही झाडं काढून उरलेल्यांना जागा करून देणं. चांगल्या जागी पाचव्या वर्षाच्या आसपास एकाआड एक तिरकी रांग काढतात. त्यात बरी-वाईट दोन्ही जातात, सरासरी फारशी हलत नाही. पण पुढच्या विरळणीत निवडून बारीक झाडं काढली की सरासरी घेर त्याच दिवशी वाढतो. वर्गातली बुटकी मुलं बाहेर बसवून उंची वाढली म्हणण्यातला हा प्रकार. एकही झाड मिलिमीटरभर जाड झालेलं नसतं आणि अहवालात ‘समाधानकारक वाढ’. मेलेल्या रोपांचंही तेच. म्हणून मेलेलं झाडसुद्धा नोंदवहीत क्रमांकासह राहिलं पाहिजे.

काळाचा हिशेबही सरळ नसतो. साग आपल्याकडे जवळपास सगळं पावसाळ्यात वाढतो. त्याच्या वर्षवलयांवरून जुना मॉन्सून वाचायचं काम पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत झालं आहे. त्यात अळी. केरळातल्या निलांबूरला, जिथे १८४०च्या दशकात मलबारचा कलेक्टर कॉनली याने साग लावायला सुरुवात केली, तिथल्या तरुण रोपवनांवर केरळ वन संशोधन संस्थेने पाहिलं, की पानं खाणाऱ्या अळीमुळे लाकडाची शक्य वाढ सुमारे ४४ टक्क्यांनी घटते. एका वाईट वर्षाचा फटका सगळ्या झाडांना एकदम बसतो. म्हणून १०० झाडं पाच वर्षं मोजली म्हणजे ५०० स्वतंत्र नोंदी झाल्या, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. त्या बऱ्याचशा त्याच त्या गोष्टीच्या नोंदी असतात, आणि हे विसरलं की अंदाजाभोवतीची चूक खोटी लहान दिसते.

मघाशी एका शेतकऱ्याने विचारलं, ‘माझी पाच एकर आहे, किती झाडं मोजू?’ किती यापेक्षा कुठली, ते आधी बघा. एकाच कोपऱ्यातली शंभर नकोत. नाल्यापासून माळापर्यंत आठ-दहा ठिकाणी दहा-बारा झाडांचे पुंजके घ्या. पुंजक्यातली झाडं जवळच्या शेजाराचं सांगतील, पुंजक्या-पुंजक्यांतला फरक मातीचं. प्रत्येक झाडाची रांग आणि रांगेतला क्रमांक लिहा. जमिनीपासून १.३७ मीटरवर रंगाचा पट्टा मारा आणि दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच पट्ट्यावर टेप लावा. आणि बांधावरची रांग त्यात धरू नका. तिला एका बाजूने मोकळं ऊन मिळतं, शेजारच्या उसाचं पाणीही लागतं. ती आतल्या झाडांपेक्षा जाड असणारच, आणि व्यापारी आला की तुम्ही त्याला नेमकी तीच दाखवता.