टायर कॅम्बरनं नाही, टोमुळं जातात | लोअर केलेल्या गाडीचं अलाइनमेंट घरच्या घरी

(कॅमेरा पुढच्या टायरवर, अगदी जवळून)

नमस्कार मंडळी! हा टायर बघा. बाहेरची कड नवीकोरी, आतली कड संपलेली. गाडी लोअर केली, म्हणजे खाली बसवली, आणि टायर असा झाला की ज्याला त्याला विचारा, उत्तर एकच मिळतं, "कॅम्बर गेलाय." कॅम्बर म्हणजे समोरून बघितल्यावर चाकाचा झुकाव. आता माझ्या हाताकडं लक्ष द्या. आतून बाहेर फिरवला की हात अलगद सरकतो. बाहेरून आत आणला की प्रत्येक गट्टूची धार बोटाला लागते. ही धार कॅम्बरनं येत नाही, टो-आउटनं येते. टो म्हणजे वरून बघितल्यावर चाकाचा तिरकेपणा. इथं चाकांची पुढची तोंडं बाहेरच्या बाजूला फाकलीत.

हिशोबच करू. चौदा इंची रिम बाहेरच्या एका कडेपासून समोरच्या कडेपर्यंत मोजली तर सुमारे ३९ सेंटिमीटर भरते. तेवढ्यात चाक २ मिलिमीटर तिरकं असेल, तर गाडी १ किलोमीटर सरळ गेली की ते चाक कागदावर ५ मीटर आडवं ओढलं जातं. साताऱ्याहून पुणं ११० किलोमीटर धरा. एका खेपेत अर्ध्या किलोमीटरच्या वर नुसती घासाघीस! एक-दीड डिग्री निगेटिव्ह कॅम्बर, म्हणजे चाक वरून आत झुकलेलं, टो बरोबर असेल तर, टायर निमूट सोसतं. यवतेश्वर घाटाच्या वळणांवर तर तो कामालाच येतो.

पण गाडी खाली बसवल्यावर टो का बदलतो? ही जुनी स्विफ्ट आहे, पुढं मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकत्र असलेला खांब. चाकाला खालून धरणारा लोअर आर्म एका कमानीत वर-खाली होतो, स्टिअरिंगला चाकाशी जोडणारा टाय रॉड दुसऱ्या कमानीत. कंपनीनं ठरवलेल्या उंचीला दोघांचं जमतं. उंची कमी केली की टाय रॉड चाकाला थोडं वळवतो. किती आणि कुठल्या बाजूला, ते गाडीगणिक वेगळं, म्हणून अंदाजानं पाना फिरवायचा नाही. स्प्रिंग कापून गाडी खाली घेतली असेल, तर तुमच्यासाठी हा व्हिडिओ नाही. आधी नीट स्प्रिंग टाका. आणि आरसीला धक्का लागेल असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही, तेही बघून ठेवा.

आता जागा. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याचं आपलं गाव, सपाट पार्किंग मिळालं तर नशीब. गवंड्याची पाण्याची नळी आणा, चारही टायरखालची पातळी बघा, कमी असेल तिथं प्लायचे तुकडे सरकवा. टोला थोडा उतार चालतो. कॅम्बर मोजताना मात्र डावी-उजवी बाजू एका पातळीत हवीच.

हवा चारही टायरमध्ये बरोबर भरा. मग पुढचं चाक जॅकवर उचला. घड्याळात पावणेतीन वाजल्यावर काटे असतात, तिथं दोन हात धरून हलवा. खडखड आली तर टाय रॉड एंड बघा. सहा वाजल्यासारखे वर-खाली धरून हलवलं आणि प्ले, म्हणजे ढिलेपणा, जाणवला, तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. प्ले असलेल्या गाडीचं अलाइनमेंट म्हणजे वेळेची माती. आणि खाली जायचं तर स्टँड लावूनच, विटांवर गाडी नको.

(कॅमेरा लोअर आर्मच्या बुशवर)

हे फार जण करत नाहीत. आर्मच्या आतल्या बोल्टभोवती रबरी बुश असतो. गाडी जॅकवर लटकलेली असताना बोल्ट आवळला, तर गाडी खाली आल्यावर तो रबर कायमचा पिळलेला राहतो. लवकर फाटतो, आणि तोवर गाडीची उंचीही फसवी दाखवतो. म्हणून बोल्ट ढिला करा, गाडी चाकांवर उभी करा, दाबून-सोडून बसवा आणि मग आवळा.

पुढच्या दोन्ही चाकांखाली पत्र्याचे दोन-दोन तुकडे, मध्ये ग्रीस. नाहीतर टायर जमिनीला चिकटून बसतो आणि माप खोटं येतं. स्टिअरिंग सरळ करून सीटला बांधा.

दोन्ही बाजूंना हबच्या उंचीवर दोरी ताणा. पुढच्या आणि मागच्या हबपासूनचं अंतर वेगळं आलं तर घाबरू नका, पुढच्या दोन चाकांतलं आणि मागच्या दोन चाकांतलं अंतर सारखं नसतं. पण डावीकडचं माप उजवीकडं जसंच्या तसं यायला हवं. आता स्टीलची पट्टी. दोरीपासून रिमची पुढची कड ११८, मागची १२०. पुढचं अंतर कमी, म्हणजे टो-आउट, २ मिलिमीटर. गाडी अर्धा फेरा ढकलून पुन्हा मोजा आणि सरासरी घ्या, रिम वाकडी असेल तर तिथंच कळतं.

टाय रॉडवर रंगाची खूण करा. लॉक नट ढिला करा, स्टिअरिंग रॅकच्या रबरी बूटची क्लिपही सोडा, नाहीतर बूट पिळून फाटेल. या गाडीत टाय रॉड ॲक्सलच्या मागं आहे, म्हणून रॉड लांबवला की टो-इन होतो, म्हणजे चाकांची पुढची तोंडं आत वळतात. पाव फेरा फिरवा, गाडी हलवा, मोजा. दोन्ही बाजूंना सारखाच फिरवायचा, नाहीतर स्टिअरिंग वाकडं येतं. मी दोन्ही चाकं मिळून शून्य ते १ मिलिमीटर टो-इन ठेवतो.

कॅम्बर ओळंब्यानं बघा. रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेत ७ मिलिमीटरच्या आसपास फरक म्हणजे १ डिग्री. दोन्ही बाजूंत मोठा फरक असेल तर स्ट्रटला कॅम्बर बोल्ट टाकावे लागतात. ते केलं तर टो पुन्हा मोजा, कॅम्बर हलला की टो हलतोच. मागच्या चाकांना जोडणाऱ्या बीमला हात लावू नका, तिथं शिम, म्हणजे पातळ पट्ट्या, टाकल्याशिवाय काही होत नाही.

लॉक नट आवळा, क्लिप बसवा, हायवेच्या सर्व्हिस रोडला सरळ चालवून बघा. आपल्या रस्त्यांना पाण्यासाठी कडेला उतार असतो, गाडी थोडी डावीकडं गेली तर लगेच पाना काढू नका. नंतर मशीनवर तपासून घ्या आणि प्रिंटआउट मागा. कॅम्बर लाल रंगातच दिसेल, कारण मशीन कंपनीच्या उंचीशी तुलना करतं. तुम्ही फक्त टोची ओळ वाचा.