येरळवाडीचा चिखल

(पडद्यावर: पहाटेचा अंधार. पाण्यावरून येणारा हंसांचा कलकलाट.)

थंडीत तंबू टाकायचा म्हटलं की सातारकर कुंभार्ली घाट उतरतो आणि गुहागर-दापोलीचा किनारा गाठतो. तिथली ऊब, तिथले मासे, सगळं बरोबर आहे. पण या वेळी आम्ही पाठ फिरवली ती कोकणाकडे. कोरेगाव, पुसेगाव, वडूज करत थेट पूर्वेला खटाव तालुक्यात आलोय, येरळवाडीच्या तलावावर.

पहाटे साडेपाचला तंबूचं कापड दवानं चिंब झालंय. आत जो तो घोंगडं डोक्यावरून ओढून पडलाय. आपल्याला ही कडाक्याची थंडी वाटते. समोर अंधारात जे कलकलतायत, त्यांना मात्र हा उबदार किनारा आहे.

(पडद्यावर: पहिला उजेड. पाण्याच्या कडेला हंसांची रांग.)

हे पट्टकादंब हंस. अंग राखाडी, डोकं पांढरं आणि डोक्याच्या मागच्या बाजूला दोन काळे पट्टे. यांची घरटी तिबेट, मंगोलिया आणि लडाखच्या उंच सरोवरांकाठी. तिथलं पाणी गोठायला लागलं की ते दक्षिणेकडे निघतात, आणि वाटेत हिमालय आडवा येतो. अभ्यासकांनी हंसांच्या अंगावर छोटी यंत्रं बसवून माग काढला, तेव्हा एकाची नोंद 7,290 मीटर उंचीवर झाली. यांच्या रक्तातलं हिमोग्लोबिन विरळ हवेतूनही प्राणवायू ओढून घेतं. शिवाय हिमालय ओलांडायला ते बहुतेक वेळा रात्र किंवा पहाट निवडतात. गार हवा दाट असते, पंखांना आधार देते. डोंगर चढला की हंस चढतात, दरी आली की खाली येतात. कमावलेली उंची अशी उधळायची आणि पुढच्या डोंगराला पुन्हा कमवायची, हा आपल्याला अडाणीपणा वाटेल. पण सतत उंचावर राहण्यापेक्षा यात त्यांची ताकद कमी खर्च होते, असं अभ्यासातून दिसलं. मंगोलियात गळ्यात क्रमांकाची पट्टी घातलेले पट्टकादंब महाराष्ट्रातही दिसले आहेत.

आणि एवढा खटाटोप करून यायचं कुठं, तर खटावात!

(पडद्यावर: उघडे माळ, लांबवर पवनचक्क्या.)

सातारा जिल्ह्याचा हा अजब हिशेब आहे. पश्चिमेला महाबळेश्वरात वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. ढग सह्याद्रीवरच मोकळे होतात, आणि खटाव-माणच्या वाट्याला पाचशेच्या आसपास उरतो. येरळा नदी याच तालुक्यात उगवते, पुढं सांगली जिल्ह्यात शिरते आणि ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. उन्हाळ्यात तिच्या पात्रात वाळूच जास्त दिसते. म्हणून इथल्या लोकांनी मिळेल तिथं पाणी अडवलं. मायणीचा ब्रिटिशकालीन तलाव असाच, आणि येरळेवरचा हा येरळवाडीचा जलाशयही.

(पडद्यावर: काठावरचा ओला गाळ, त्यावर पावलांचे ठसे. कॅमेरा जमिनीलगत.)

आता जरा खाली बघा. या फिल्मचा खरा नायक हा चिखल आहे.

पावसाळा संपतो तेव्हा तलाव भरलेला असतो. मग शेतीसाठी उपसा सुरू होतो, ऊन पाणी पितं, आणि पाणी मागं सरकायला लागतं. इथला उतार सौम्य आहे. त्यामुळं पातळी थोडी उतरली तरी काठ लांबवर उघडा पडतो. या ताज्या गाळात किड्यांच्या अळ्या, गांडुळं, बारीक गोगलगाई ठासून भरलेल्या. मग पंगत बसते, आणि ज्याचे पाय जेवढे लांब तेवढं त्याचं पान खोल पाण्यात. नुसत्या ओल्या गाळावर धोबी शेपटी हलवत पळतो. घोटाभर पाण्यात तुतवार. त्याच्या पुढं लाल काटकुळ्या पायांचा शेकाट्या. त्याही पुढं चमच्या, चोच डावीउजवीकडं फिरवत. वारकरी पक्षी पार मधे पोहतात, आणि खोल पाण्यात पाणकावळ्याची बुडी.

थापट्या बदकांकडं थोडं थांबून बघू. पंधरा-वीस जण गोल गोल पोहतायत, प्रत्येकाची चोच पुढच्याच्या शेपटीमागं. त्या फिरण्यानं पाणी ढवळतं, खालचं बारीकसारीक खाद्य वर येतं. फावड्यासारख्या पसरट चोचीच्या कडेला कंगव्यासारखे दाते असतात. पाणी बाहेर जातं, खाणं आत अडकतं.

(पडद्यावर: फ्लेमिंगो, दुर्बिणीतून दिसावेत तसे जवळून.)

आणि हे रोहित. इथं सगळे फ्लेमिंगोच म्हणतात, आपणही म्हणू. डोकं उलटं करून चोच पाण्यात घातली आहे. जीभ आतल्या आत पंपासारखी पुढंमागं होते, गाळपाणी गाळलं जातं. एकानं तोंड पाण्यातच ठेवलंय आणि पायांनी गाळ तुडवत जागच्या जागी तो गोल फिरतोय. तो पुढं गेला की तळाशी गोल खळगा राहतो, मधे मातीचा उंचवटा. पाणी ओसरलेल्या ठिकाणी अशी वर्तुळं उघडी पडतात. पक्षी दिसले नाहीत तरी ती शोधा, फेरी फुकट जाणार नाही.

(पडद्यावर: चूल, भगुलं, वाफ.)

आठ वाजता आबांच्या वस्तीवरून हुलग्याचं माडगं आलं. त्यांच्याच पडीक तुकड्यावर आमचे तंबू आहेत. त्यांना विचारलं, "आबा, हंस किती आलेत औंदा?"

"कोण मोजतंय? रातच्याला माझ्याच हरभऱ्यात व्हते."

"मग तुम्ही हाकलत नाही?"

"कितींदा हाकलायचं! बॅटरी मारली की उठत्यात, पल्याडच्या वावरात बसत्यात. तिथला गडी उठवतो, का परत हिकडं."

आबा हसत सांगतात, पण नुकसान हसण्यावारी नेण्यासारखं नाही. पट्टकादंब दिवसा काठावर विसावतात आणि अंधार पडला की चरायला शेतात उतरतात. कोवळा हरभरा त्यांना फार आवडतो. पाणी हटलेल्या जमिनीत शेतकरी गाळपेर करतात, म्हणजे हंसांचं ताट त्यांच्या मुक्कामाला अगदी खेटून. पक्षी बघायला शहरातून आलेल्यांनी हे विसरून 'गावकऱ्यांनी पक्षी जपावेत' असं भाषण ठोकू नये. जपणारे तेच आहेत, स्वतःच्या पिकाच्या किमतीत.

(पडद्यावर: मायणी तलाव, दुपार.)

मायणीचं नाव पक्ष्यांसाठी जुनं. गाळ साचत गेला, दुष्काळात तलाव आटला, आणि फ्लेमिंगोंनी येरळवाडीचा रस्ता धरला. 2021 मध्ये मायणी आणि आसपासच्या तलावांना मिळून पक्षी संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. वन्यजीव कायद्यात 2002 च्या दुरुस्तीनं आलेला हा प्रकार अभयारण्यापेक्षा सौम्य आहे. आत राहणाऱ्यांचे हक्क त्यात जात नाहीत.

तलाव पार आटला तर पक्षी येत नाहीत, हे कुणालाही कळतं. पण जानेवारीतही काठोकाठ भरलेला असला, तरी उथळ काठ बुडालेला असतो आणि फ्लेमिंगो उजनीसारखी दुसरी जागा बघतात. आता उरमोडी आणि जिहे-कठापूरसारख्या योजनांचं पाणी खटाव-माणमध्ये येतंय. टँकरच्या रांगेत उभं राहिलेल्या माणसाला 'तलाव जरा रिकामा ठेवा' असं सांगायला माझी तरी जीभ रेटत नाही. पाणी आलंच पाहिजे.

भांडायचंच तर उतारासाठी भांडावं. तलावांतला गाळ काढून शेतात नेण्याची योजना राज्यात 2017 पासून आहे, आणि चांगली आहे. तलाव खोल होतो, रानाला कस येतो. पण जेसीबीनं कडेलाच उभा कडा कापला, तर तिथं पाणी एकदम पुरुषभर खोल होतं. पंगतीला जागाच राहत नाही. गाळ मधून काढा, एका बाजूचा सौम्य उतार तसाच सोडा. यात सरकारचा जादा पैसा जात नाही, जेसीबीवाल्याला दोन रेघा आखून द्यायच्या एवढंच.

(पडद्यावर: तंबू आवरताना.)

यायचं असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी. राखीव क्षेत्रात, काठावर तंबू टाकू नका. वस्तीवर विचारून मालकाच्या परवानगीनं लांब टाका आणि त्याचे पैसे द्या. गाडीतली गाणी बंद, ड्रोन घरीच. हंसांचा थवा एकदा उठवला की नुसता फोटो बिघडत नाही, त्यांनी चरून कमावलेलं उडण्यात जातं, आणि मार्चच्या सुमारास त्यांना परत हिमालय ओलांडायचा असतो. एसटी वडूजला मिळते, पुढं आपलं वाहन बरं. गाळात मात्र गाडी घालू नका. आबांचा ट्रॅक्टर आहे, पण बाहेर काढताना ते जे बोलतात ते या फिल्ममध्ये घेता आलं नसतं.